पैसा, गुंतवणूक आणि आपली माणसं: शनिवार-रविवारी काय वाचावं?

रविवारचा_वाचक:

पुढचे चार शनिवार-रविवार वाचनासाठी मोकळे काढले आहेत. विषय तीन: घरचा पैसा, गुंतवणूक, आणि आपल्याकडची माणसं पैशाशी अशी का वागतात. सोनं, भिशी, पतसंस्था, सावकारी, कर्ज काढून लग्न, सगळं त्यात आलं.

श्रीमंत व्हायच्या सवयी शिकवणारी पुस्तकं सुचवू नका. एकात जे असतं तेच दुसऱ्यात वेगळ्या मुखपृष्ठाखाली असतं. एसआयपी, पीपीएफ, टर्म इन्शुरन्स हे सगळं कळतं. घरात दोन जुन्या एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिस्या, चार म्युच्युअल फंड आणि पाच-सहा कंपन्यांचे शेअर आहेत. वाचून उठल्यावर सोमवारी काहीतरी करता यावं, किंवा काहीतरी करायचं टाळता यावं, एवढीच अट. मराठी असेल तर उत्तम, इंग्रजी चालेल, फुकट मिळत असेल तर दुधात साखर. साधारण वेळ किती लागेल तेही सांगा.

पै_न_पै:

पहिल्या शनिवारी कपाट उघडा आणि पॉलिसीचे बाँड बाहेर काढा. घरातलं सगळ्यात कमी वाचलेलं आणि सगळ्यात जास्त पैसे अडकलेलं वाङ्मय तेच. एका पॉलिसीला दीड तास पुरे.

बाँडमधून विमा रक्कम, करासकट प्रत्यक्ष भरलेला हप्ता, पहिल्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख, मुदतपूर्तीची तारीख वहीत उतरवा. मग कंपनीच्या पोर्टलवरून किंवा शाखेतून आजवर जमा झालेला बोनस आणि आजची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हातात येणारी रक्कम, मागवा.

बोनसची गंमत आधी समजून घ्या. "हजारी ४० रुपये" म्हणजे १० लाखांच्या विमा रकमेवर वर्षाला ४०,००० रुपये. ऐकायला घसघशीत, पण ते आज हातात पडत नाहीत आणि त्यांच्यावर व्याजही चढत नाही. नुसते नावावर लिहिले जातात आणि शेवटी मिळतात. २० वर्षांचे झाले ८ लाख, वर विमा रक्कम १० लाख, एकूण १८ लाख. वर्षाला ५०,००० प्रमाणे भरलेले १० लाख. "दहाचे अठरा झाले" असं एजंट सांगतो ते खोटं नाही. पण हेच आकडे एक्सेलमध्ये घाला: एका रकान्यात तारखा, शेजारी रकमा, हप्ते उणे चिन्हाने, मिळणारे १८ लाख अधिक चिन्हाने, आणि खाली एक्सआयआरआरचं, म्हणजे तारखा धरून वार्षिक परतावा काढणारं, सूत्र. उत्तर येतं ५.३ टक्के.

इथे चुका ठरलेल्या होतात. सगळ्या रकमा एकाच चिन्हाने टाकल्या तर सूत्र एरर देतं. तारीख अक्षरं म्हणून पडली, म्हणजे चौकटीत डावीकडे चिकटून दिसली, तरी तेच. मनीबॅक पॉलिसी असेल तर कंपनीकडून मधेमधे काही रकमा मिळालेल्या असतात, त्या लिहायच्या राहतात आणि परतावा उगाच कमी दिसतो. पॉलिसीवर कर्ज काढलेलं असेल तर तेही धरा.

सरळसोट:

५.३ टक्के? मग वाचायचं काय त्यात? सोमवारी जाऊन सरेंडर करा आणि इंडेक्स फंडात टाका. विमा आणि गुंतवणूक एकत्र करू नये हे पहिलीचं गणित आहे.

पै_न_पै:

@सरळसोट, नवी पॉलिसी घेणाऱ्याला हा सल्ला सोळा आणे खरा. जुन्या पॉलिसीवाल्याला तोच सल्ला महागात पडू शकतो, म्हणून तर दुसरं गणित करायचं.

५.३ हा सुरुवातीपासूनचा हिशेब. गेलेला पैसा गेला, आता निर्णय पुढचा आहे. वरच्याच पॉलिसीची १२ वर्षं झाली आहेत आणि कंपनी साडेपाच लाख सरेंडर व्हॅल्यू देते आहे असं धरा. पॉलिसी चालू ठेवणं म्हणजे आज ते साडेपाच लाख नव्याने गुंतवणं, शिवाय ५०,००० चे आठ हप्ते, आणि आठ वर्षांनी १८ लाख. नव्या शीटवर हेच मांडा: आजच्या तारखेला उणे ६ लाख (सरेंडर व्हॅल्यू अधिक आजचा हप्ता), पुढे दरवर्षी उणे ५०,००० असे सात, शेवटी अधिक १८ लाख. परतावा जवळपास १० टक्के. बोनसचा दर तोच राहिला तर, आणि अंतिम बोनस धरलेला नाही.

असं होतं कारण सुरुवातीच्या वर्षांतला खर्च आणि कमिशन तुम्ही आधीच सोसलेलं असतं, आणि सरेंडर व्हॅल्यू ही तुमच्या नावावरच्या रकमेपेक्षा बरीच कापून दिलेली असते. मोडली की ती कपात कायमची तुमच्या गळ्यात.

तिसरा पर्यायही बघा: हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करणं. विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे १० लाखांची ६ लाख, आणि जमा झालेला ४.८ लाख बोनस नावावर राहतो. आठ वर्षांनी १०.८ लाख. आजच्या साडेपाच लाखांवर ते ८.८ टक्के पडतात. नवा बोनस मात्र बहुतेक योजनांत थांबतो, तेवढं बाँडात तपासा. दोन-तीन वर्षंच झालेल्या पॉलिसीत पुढचा परतावा इतका चांगला निघत नाही. तिथे तुम्ही म्हणता ते बरोबर ठरेल.

ताळेबंद_बहाद्दर:

दुसरा शनिवार: तुमच्याकडे जिचे शेअर आहेत अशा एका कंपनीचा वार्षिक अहवाल. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या पानावर असतो, बीएसईच्या साइटवरही मिळतो. तीनशे-चारशे पानं बघून घाबरू नका. वाचायची साठ-सत्तर, तीही मागच्या बाजूने. पुढची गुळगुळीत पानं, हसरे फोटो आणि अध्यक्षांचं पत्र शेवटी. वेळ चार तास.

सुरुवात ऑडिटरच्या अहवालापासून. मत स्वच्छ आहे की क्वालिफाइड (आक्षेपांसह), हे पहिल्या पानावर कळतं. "एम्फसिस ऑफ मॅटर" (ऑडिटरने मुद्दाम लक्ष वेधलेली बाब) असा परिच्छेद दिसला तर थांबून दोनदा वाचा. मग त्याला जोडलेलं परिशिष्ट, ज्याला कॅरो म्हणतात. माणसं हे सोडून देतात आणि खरा माल इथेच असतो. पाच कोटींवर खेळतं भांडवल बँकेकडून घेतलं असेल तर कंपनीने बँकेला दिलेली तिमाही विवरणं आणि तिची स्वतःची खातेवही जुळतात का, हे ऑडिटरला इथे लिहावं लागतं. न जुळण्याची कारणं खाली बारीक अक्षरात असतात. कर आणि पीएफ थकलाय का, कर्जाचा हप्ता चुकलाय का, आधीच्या ऑडिटरने मधेच राजीनामा दिलाय का, तेही याच परिशिष्टात.

पुढे कॅश फ्लो. पाच वर्षांचा निव्वळ नफा एका ओळीत, त्याखाली धंद्यातून आलेली रोकड, आणि दोन्हीच्या बेरजा. एका वर्षाचा फरक सोडून द्या, पाच वर्षांची बेरीज खोटं बोलत नाही. नफा ५०० कोटी आणि रोकड २०० कोटी असेल तर उरलेले ३०० कुठे बसलेत ते शोधायचं. बहुतेक वेळा उधारीत किंवा गोदामात. उधारीसाठी येणी किती जुनी याचा तक्ता बघा: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन वर्षं, असे रकाने असतात. तीन वर्षांवरची रक्कम दरवर्षी फुगत असेल आणि तरतूद तेवढीच असेल तर ती विक्री कागदावरची.

मग संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार. प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज, भावाच्या कंपनीकडून जागा भाड्याने, असलं सगळं टीपांत असतं. संभाव्य देणी ही टीप नक्त मालमत्तेच्या किती टक्के आहे तेही काढा.

याच्या जोडीला एक चार-पाच पानी वाचन: ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेलं पत्र. इंटरनेटवर सहज सापडतं. पुस्तकांत ५,३६१ कोटी रोख आणि बँक शिल्लक दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. यातून एक साधी चाचणी हाती लागते. मिळालेलं व्याज भागिले सरासरी रोख शिल्लक. बँकांत ६ टक्क्यांवर ठेवी मिळत असताना हा आकडा दीड-दोन टक्के येत असेल तर एक तर पैसा चालू खात्यात पडून आहे, किंवा फक्त ३१ मार्चला दिसतो, किंवा नाहीच.

बँक किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या कर्ज-कंपनीच्या) अहवालाला ही पद्धत लावू नका. त्यांचा कच्चा मालच पैसा आहे, रोकड आणि नफ्याची तुलना तिथे निरर्थक.

मोडी_कागद:

तिसऱ्या विषयासाठी दोन वाचनं सुचवतो, पाठोपाठ वाचण्यासारखी. दोन्हींच्या मुळाशी एकच पीक: कापूस.

पहिलं, दिनशा वाच्छा यांचं १९१० चं इंग्रजी पुस्तक, "अ फायनान्शिअल चॅप्टर इन द हिस्टरी ऑफ बॉम्बे सिटी". प्रताधिकार कधीच संपलाय. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा बँका, फायनान्शिअल कंपन्या आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घुसला. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे नाव इथे पानोपानी भेटतं, राजाबाई टॉवर ज्यांच्या आईच्या नावाचा तेच. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, १ जुलैला वायद्यांचा हिशेब चुकता करायचा होता, आणि कोणाकडेच पैसे नव्हते.

वाचताना लक्ष बँक ऑफ बॉम्बेवर ठेवा. शेअर तारण धरून ती कर्ज देत होती. शेअर चढला की तारण वाढे, तारण वाढलं की कर्ज वाढे, आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर. उतरताना हेच चक्र उलटं फिरलं. १८६८ ला बँक गुंडाळली गेली. आज मार्जिनवर, म्हणजे उसन्या पैशावर, शेअर घेणाऱ्याने ही प्रकरणं पेन्सिल घेऊन वाचावीत.

दुसरं, त्याच कापसाची देशावरची बाजू: दख्खनचे दंगे. कापूस तेजीत असताना सावकाराने हात सैल सोडला होता, भाव पडल्यावर आवळला. त्यात सरकारने शेतसारा वाढवून ठेवलेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. दागदागिने किंवा माणसं यांपेक्षा कागदांवर राग होता, हे विसरू नका. (दोनच महिन्यांनी, जुलै १८७५ ला, मुंबईत शेअर दलालांनी आपली संस्था काढली, आजची बीएसई. एकाच वर्षात इकडे कागद जळत होते आणि तिकडे कागदांचा बाजार बांधला जात होता.)

कागदांवरच राग का, ते चौकशी आयोगाच्या अहवालातून कळतं. १८७८ ला तो ब्रिटिश संसदेपुढे गेला. त्यात १०० रुपयांच्या कर्जावर दोन हजारांवर व्याज लावल्याचं प्रकरण आहे. हे कसं होतं याचं यंत्र बघा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच चाले. व्याज साचू नये हा हेतू. सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला. गणित मांडा: १०० रुपये, दरमहा शेकडा २. सरळ व्याजाने बारा वर्षांनी ३८८ होतात. दर तीन वर्षांनी रोखा बदलला तर ८७५. व्याज मुद्दलापेक्षा जास्त नसावं हा दामदुपटीचा जुना नियमही यातून निसटे, कारण नव्या रोख्यात जुनं व्याज मुद्दल बनून बसलेलं असे. १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागचा मूळ व्यवहार उकरून बघता येऊ लागला, तो याच्यावरचा इलाज.

क्रेडिट कार्डाचं "मिनिमम ड्यू" भरत राहणं हे याच जातीचं. महिना साडेतीन टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ५१ टक्के, आणि तिथे रोखा तीन वर्षांनी बदलत नाही, दर महिन्याला बदलतो.

याला जोडून जोतीराव फुल्यांचा "शेतकऱ्याचा असूड", १८८३ चा. मराठी, फुकट, एका रविवारात होणारा. पहिलं प्रकरण तर घरखर्चाची वही म्हणून वाचा: जन्मापासून मरणापर्यंत आणि मेल्यानंतरही कुठल्या कुठल्या विधीला शेतकऱ्याच्या घरून काय काय जातं, याची यादी. लग्नाचं कर्ज या विषयावर इतकं रोखठोक लिहिलेलं आजही सापडत नाही. भाषा जुनी आहे, दहा पानांत सवय होते.

रविवारचा_वाचक:

हे सोनं आहे. @मोडी_कागद, आंबेडकरांचं रुपयावरचं पुस्तक यात बसेल का? अर्थशास्त्र शिकलेलो नाही, झेपेल का?

मोडी_कागद:

"द प्रॉब्लेम ऑफ द रुपी", १९२३. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डीएस्सीचा प्रबंध. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेत सहाव्या खंडात आहे. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर तिसाव्या पानावर सोडाल, कारण सुरुवातीला नाण्यांच्या वजनांचा आणि कायद्यांचा दाट इतिहास आहे.

त्याऐवजी प्रस्तावना वाचा, तिथे आंबेडकर अर्थतज्ज्ञ केन्सशी थेट भिडतात. मग एकदम तिसरं प्रकरण: चांदीचा भाव जगभर पडत गेला तसा रुपया पडत गेला, त्यात कोणाचं फावलं आणि कोण भरडलं गेलं. निर्यातदार खूश, पण मजुरी किमतींच्या मागे रखडते, म्हणजे हा नफा मजुराच्या ताटातून येतो, असा युक्तिवाद आहे. रुपया घसरला की "निर्यातीला चांगलं" असं आजही बातम्यांत म्हणतात, तेव्हा हे प्रकरण आठवावं. १८९३ ला लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं टांकसाळींनी बंद केलं एवढा संदर्भ धरून ठेवलात तर शेवटचं, सातवं प्रकरणही उलगडेल. चलन काढणाऱ्याच्या हाताला बांध असावा, हा तिथला गाभा. दोन दिवस लागतील, घाई करू नका.

हिशेबनीस:

भिशी, सोनं आणि पतसंस्था यांवर चांगलं पुस्तक शोधत बसू नका. नियम आणि पावतीमागची अटींची पानं वाचा, जास्त कळतं.

भिशी: २० जण, महिना ५,०००, चिठ्ठी काढून एकाला लाख. शेवटचा नंबर ज्याचा, त्याचे पैसे एकूण १९० "महिने" वापराविना राहतात (१९ अधिक १८ अधिक १७, असं शून्यापर्यंत). ५,००० गुणिले १९० गुणिले साडेसहा टक्के भागिले १२: जवळपास ५,१०० रुपये. एवढं व्याज त्याने आरडीत मिळवलं असतं. पहिल्या नंबरवाल्याला मात्र लाखभर बिनव्याजी मिळाले. बारा टक्क्यांच्या कर्जाशी तुलना केली तर त्याचे साडेनऊ हजार वाचले. नात्यागोत्यात हे चालतं, कारण पुढच्या फेरीत नंबर फिरतो. अनोळखी भिशीत पहिले तीन-चार नंबर कोणाला लागतात ते बघा, तिथेच कळेल. नोंदणीकृत चिट फंड वेगळा. त्याला १९८२ चा कायदा आहे, २०१९ च्या दुरुस्तीने चालवणाऱ्याचं कमिशन ५ वरून ७ टक्क्यांपर्यंत गेलं. फसल्यावर महाराष्ट्रात एमपीआयडी हा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा कामी येतो, पण पैसे परत यायला वर्षं जातात.

सराफाची सुवर्णयोजना: ती बहुतेक ठिकाणी ११ हप्त्यांची का, माहीत आहे? कंपनीने ग्राहकाची आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालात वळती केली नाही तर ती ठेव ठरते आणि ठेवींचे नियम लागू होतात. म्हणून बारावा महिना खरेदीचा. ५,००० चे ११ हप्ते आणि सराफाकडून एक हप्ता "फुकट" म्हणजे सरळ व्याजाने १८ टक्के पडतात, कागदावर झकास. आता घडणावळ बघा. ६०,००० च्या खरेदीत शेजारच्या दुकानात ८ टक्के आणि इथे १२ टक्के असेल तर ३ टक्के जीएसटी धरून सुमारे १,९०० रुपयांचं सोनं कमी येतं. १८ चे ११ टक्के झाले. आणि दुकान बुडालं तर तुमची पावती "ॲडव्हान्स" म्हणते, ठेव म्हणत नाही, तारण काहीच नाही. दागिना घेताना हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी शिक्का भिंगातून बघा आणि बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासा. नुसता ९१६ (२२ कॅरेटचा) शिक्का पुरेसा नाही.

पतसंस्था: यावर लोकांचा ठाम गैरसमज आहे म्हणून ठळक लिहितो. पतसंस्था ही बँक नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचा ५ लाखांचा विमा आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, दर बँकेमागे दर ठेवीदाराला. फेब्रुवारी २०२० पासून एक लाखाचे पाच लाख झाले. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा शून्य. नावात "अर्बन" असो की बोर्ड कितीही चकचकीत असो. दीड टक्का जास्त व्याज हे त्या नसलेल्या विम्याचं मोल आहे. सभासद असाल तर वार्षिक सभेचा अहवाल मागा, सप्टेंबरअखेरपर्यंत सभा होते. त्यात ऑडिट वर्ग अ ते ड यापैकी कोणता, तीन वर्षांचा एनपीए (थकून बसलेली कर्जं) किती, आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडची येणी किती, ही तीन उत्तरं शोधा. शेवटचं उत्तर अहवालात सापडत नसेल तर सभेत उभं राहून विचारा.

सहकाराबद्दल एवढं वाचून कडवटपणा आला तर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा इतिहास वाचा, विठ्ठलराव विखे पाटील आणि पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. तोही सहकारच.

फंडफुगडी:

म्युच्युअल फंडांवर थोडकंच. चारही फंडांच्या फॅक्टशीट (फंडाची मासिक माहितीपत्रकं) उघडा, पहिल्या दहा कंपन्यांची नावं शेजारी शेजारी लिहा. चारपैकी तीन यादींत त्याच पाच बँका आणि आयटी कंपन्या असतील तर तुमच्याकडे एकच फंड आहे, चार वेळा.

मग कॅसमध्ये, म्हणजे सगळ्या फंडांच्या एकत्रित उताऱ्यात, योजनेच्या नावापुढे "रेग्युलर" आहे की "डायरेक्ट" ते बघा. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन कापलं जातं, डायरेक्टमध्ये नाही. डायरेक्ट जानेवारी २०१३ पासून आहे. फरक एक टक्का धरा. महिना १०,०००, २५ वर्षं, १२ टक्क्यांनी १ कोटी ८८ लाख, ११ टक्क्यांनी १ कोटी ५८ लाख. तीस लाखांचा सल्ला मिळतोय का, हा प्रश्न वितरकाला विचारावा. मिळत असेल तर द्या की, कोण नाही म्हणतं.

बदलताना घाई नको. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये स्विच म्हणजे कराच्या दृष्टीने विक्री. इक्विटी फंडात वर्षावरचा नफा सव्वा लाखापर्यंत करमुक्त, वर १२.५ टक्के, वर्षाच्या आतला २० टक्के. म्हणून नवी एसआयपी आजपासून डायरेक्टमध्ये, जुने युनिट दर आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या नफ्याच्या बेताने सरकवा. एक्झिट लोडही (लवकर बाहेर पडल्यास कापली जाणारी रक्कम) बघा, आणि ईएलएसएस (करबचतीचा फंड) असेल तर प्रत्येक हप्त्याचे तीन वर्षांचे कुलूप वेगळं.

सरळसोट:

@पै_न_पै, तुमची शीट स्वतः मांडून बघितली. ९.९ आलं. सरेंडरचं विधान मागे. पण साडेपाच लाख हा आकडा कंपनी खरंच देते का, की हा तुम्ही सोयीचा धरलाय?

पै_न_पै:

धरलेलाच आहे, म्हणून तर स्वतःचा आकडा मागवा म्हटलं. सरेंडर व्हॅल्यू सात लाख निघाली तर पुढचा परतावा ७ टक्क्यांच्या आसपास घसरतो आणि मग निर्णय बदलू शकतो. सगळा खेळ त्या एका आकड्यावर आहे.

@रविवारचा_वाचक, तो फोनवर विचारू नका. ईमेल करा, पॉलिसी क्रमांक लिहून चार गोष्टी मागा: आजच्या तारखेची सरेंडर व्हॅल्यू, पेड-अप केल्यास मुदतपूर्तीला मिळणारी रक्कम, आजवर जमा बोनस, आणि पॉलिसीवर थकीत कर्ज-व्याज असेल तर ते. शुक्रवारी पाठवलात तर पहिल्या शनिवारी आकडे नसतील, तेव्हा आजच पाठवा आणि पॉलिस्या दुसऱ्या आठवड्यावर ढकला. दाद दिली नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, तिथेही नाही तर विमा नियामक आयआरडीएआयच्या "बीमा भरोसा" पोर्टलवर. पहिल्या शनिवारी मग असूड घ्या.